उष्णता नेमकी कुठे अडते

आमची गाडी कॅडिलॅक आहे आणि ती स्टेशन वॅगन आहे. एवढं ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर एखादा निवृत्त दंतवैद्य उभा राहतो, आणि मीही त्याला तिथून हलवत नाही. सीटीएस-व्ही नावाची ही वॅगन जनरल मोटर्सने २०११ ते २०१४ एवढीच वर्षं बनवली, तीही मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायपासून तासाभरावर असलेल्या लॅन्सिंगच्या कारखान्यात. मागे आईबाबांच्या चार बॅगा आरामात मावतात. पुढे ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्याच्या डोक्यावर ईटनचा सुपरचार्जर, ५५६ हॉर्सपॉवर आणि डाव्या पायाखाली चक्क क्लच. याच गाडीच्या सेडान भावंडाने २००८ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकची फेरी आठ मिनिटांच्या आत पूर्ण केली होती. बायको मात्र हिला 'किराणा आणायची गाडी' म्हणते, आणि तेही खरंच आहे.

एका हिवाळ्यात मी हिच्यासाठी मोठा हीट एक्स्चेंजर, म्हणजे सुपरचार्जरची उष्णता बाहेर फेकणारा रेडिएटर, शोधायला बसलो. मिशिगनमध्ये हिवाळा हा पार्ट घेण्याचा ऋतू. गाडी कव्हराखाली गप्प असते, बाहेर बर्फ, आणि माणसाला करायला दुसरं काही नसतं. पोटापाण्यासाठी मी ट्रकच्या कूलिंगचंच काम करतो, त्यामुळे हे एका संध्याकाळचं काम आहे असा घरच्यांचा समज होता. ते मार्चपर्यंत लांबलं, कारण बाजारात एक्स्चेंजर भरपूर होते आणि माझ्याकडे प्रश्नच नीट नव्हता.

ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. इंडियानातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये असल्या पंपाचं पेटंट घेतलं, तेव्हा तो भट्टीला हवा घालायला कामाला येई. आज तेच तत्त्व सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबायला वापरतात. जादा हवेबरोबर जादा पेट्रोल जळतं आणि ताकद वाढते. आमच्या इंजिनात हा जादा दाब साधारण ९ पीएसआय, म्हणजे वातावरणाच्या दाबावर आणखी साठेक टक्के.

पण हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश सेल्सियस असताना आणि पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर सुपरचार्जरमधून निघणारी हवा १०० अंशांच्या आसपास पोचते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे कोंबलेल्या साठ टक्क्यांतले जेमतेम तीस हातात राहतात. त्याहून वाईट म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटायला लागतं. हे नॉकिंग टाळायला गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा देतो, आणि ड्रायव्हरला एवढंच कळतं की मघाशी होती ती गाडी आता राहिली नाही.

यावर तोडगा म्हणून सुपरचार्जरच्या झाकणाखाली ॲल्युमिनियमचा एक कोअर, म्हणजे नळ्या आणि पात्यांचा ठोकळा, बसवलेला असतो. या गाड्यांवाले त्याला ब्रिक म्हणतात. गरम हवा ब्रिकच्या पात्यांमधून जाते, त्याच्या नळ्यांतलं पाणी तिची उष्णता घेतं, ते पाणी बंपरमागच्या दुसऱ्या, पातळ रेडिएटरकडे जातं आणि तिथे समोरून येणारा वारा ती उष्णता नेतो. हा बंपरमागचा रेडिएटर म्हणजेच हीट एक्स्चेंजर. पाणी फिरवायला एक लहानसा विजेचा पंप. इंजिनाच्या कूलंटशी या पाण्याची सोयरीक नाही. टाकी वेगळी, नळ्या वेगळ्या.

उष्णता किती, हे पाहू. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हे इंजिन सेकंदाला सुमारे ४०० ग्रॅम हवा गिळतं. ती १०० अंशांवरून ४५ वर आणायची तर २२ किलोवॅट उष्णता काढावी लागते. बाथरूममधले २ किलोवॅटचे अकरा गिझर एकाच वेळी चालू केल्यासारखं. फरक एवढाच की हे गिझर कधी बारा सेकंद चालतात, कधी मिनिटभर चालून मिनिटभर थांबतात, आणि बहुतेक वेळ बंदच असतात. किराणा आणताना तर ते पेटतही नाहीत. एक्स्चेंजरच्या निवडीतला सगळा गोंधळ इथे आहे. विकणारा किलोवॅट सांगतो, आणि गाडीला कळतात ती सेकंदं.

मायलनच्या ड्रॅगवेवर पाव मैलाची शर्यत घ्या. या गाडीला साधारण बारा सेकंद लागतात. २२ किलोवॅट गुणिले १२ म्हणजे २६४ किलोज्यूल. नळ्या, टाकी, ब्रिक सगळं मिळून पाच लिटर पाणी-ग्लायकॉल (ग्लायकॉल म्हणजे थंडीत पाणी गोठू न देणारं द्रव्य) धरलं, तर एक्स्चेंजरने एक ज्यूलही बाहेर फेकला नाही तरी ते पाणी चौदा-पंधरा अंशांनीच तापेल. तोवर शर्यत संपलेली असते! तिथे महत्त्व पाणी किती आहे आणि सुरुवातीला किती गार आहे याला. म्हणून मुरलेले ड्रॅगवाले डिकीत मोठी टाकी बसवून तिच्यात बर्फ ओततात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल खातो, म्हणजे एका किलोत एक अख्खी शर्यत जिरते आणि वर थोडी जागा उरते. कुठलाही एक्स्चेंजर हे करू शकत नाही, कारण वाऱ्यावर गार होणारं पाणी वाऱ्यापेक्षा गार होत नाही.

वुडवर्ड ॲव्हेन्यूवरची गोष्ट अगदी उलटी. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून. डेट्रॉईटच्या उत्तरेला मैलोन्‌मैल जुन्या-नव्या गाड्यांची रांग, आणि वेग गणपतीच्या मिरवणुकीचा. सुपरचार्जर तिथे जवळजवळ काहीच दाबत नाही. तरीही मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे ब्रिकमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या, हवेचं तापमान चढत राहतं, कारण ब्रिक तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर बसला आहे, त्याच्या नळ्या गरम बॉनेटखालून जातात, आणि समोरून वारा नाही. इथे कोअर दोन इंच जाड असो की चार, वाराच नाही तर जाडीचा काय उपयोग? एक्स्चेंजरला स्वतःचे पंखे असतील तर थोडा फरक पडतो. पण तेच पंखे हायवेवर वाऱ्याच्या वाटेत आडवे येतात.

खरा कस लागतो तो साउथ हेवनजवळच्या जिंजरमन ट्रॅकवर. वीस-वीस मिनिटांची सत्रं, त्यात निम्मा वेळ पाय पूर्ण खाली. सरासरी ११ किलोवॅट, आणि ते थांबत नाहीत. पाण्याचा साठा पहिल्या फेरीतच तापून जातो. पुढे एक्स्चेंजर जेवढं फेकेल तेवढंच. समजा, पाणी आणि वारा यांच्यात एका अंशाचा फरक असताना एक्स्चेंजर ६०० वॅट बाहेर टाकतो. मग पाणी वाऱ्यापेक्षा सुमारे अठरा अंश गरम होऊन स्थिरावेल. आता तीस टक्के जास्त क्षमतेचा एक्स्चेंजर लावा. अठराचे चौदा होतात. चार अंश. जाहिरातीत तीस टक्के ठळक अक्षरांत असतात, चार अंश मला कुठेही छापलेले दिसले नाहीत.

चार अंश कमी नाहीत, हेही खरं. कॉम्प्युटर जिथे ठिणगी मागे ओढायला लागतो त्या उंबरठ्यावर तुम्ही असाल, तर चार अंशांत सत्राची शेवटची पाच मिनिटं परत मिळतात. उंबरठ्यापासून लांब असाल तर ते चार अंश म्हणजे नुसतं वजन.

बाजारात मुख्यतः दोन घराणी आहेत. एक बार-अँड-प्लेट: जाड पट्ट्या आणि पत्रे एकावर एक रचून भट्टीत जोडलेले. पाणी जास्त मावतं, दगड लागला तरी फिकीर नाही, हातात घेतल्यावर पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण पुढच्या कडा बोथट, त्यामुळे वाऱ्याला आत शिरायला कष्ट. दुसरं ट्यूब-अँड-फिन: चपट्या नळ्या, मध्ये नागमोडी पाती. हलकं, नाजूक, आणि वाऱ्याला बऱ्यापैकी वाट देणारं. फोटोत पहिलं घराणं नेहमी जिंकतं.

फोटोत दिसत नाही ती मागची रांग. बंपरमागे हीट एक्स्चेंजर, त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे इंजिनाचा रेडिएटर. तिघांना वारा एकच. पुढच्याने जाड होऊन वारा अडवला की मागच्या दोघांच्या वाट्याला कमी आणि आधीच तापलेली हवा येते. मॅनिफोल्ड चार अंशांनी गार करायच्या नादात इंजिनाचं कूलंट आणि तेल वर चढतं, आणि ट्रॅकवर गाडी थांबते ती तेलामुळे. मोठमोठ्या कंपन्यांनाही हा तोल सहज जमत नाही. २०१५ ची ६५० हॉर्सपॉवरची कॉर्व्हेट झेड-०६ ट्रॅकवर तापते अशी बरीच ओरड झाली, आणि २०१७ च्या गाडीला जीएमने बॉनेटवर मोठ्या झडपांची खिडकी दिली. तीसुद्धा सुपरचार्जरवालीच.

डबल-पासचं प्रकरण मला कामामुळे माहीत होतं, तरी कागदावर मांडून पाहिलं. पाणी वरच्या अर्ध्या नळ्यांतून जातं आणि खालच्या अर्ध्यांतून परत येतं. अर्ध्याच नळ्या, म्हणून वेग दुप्पट. वेगामुळे पाणी नळीच्या भिंतीशी जास्त घुसळतं आणि उष्णता बरी सोडतं. पण वाटही दुप्पट झाली. वेगाचा वर्ग गुणिले लांबी, म्हणजे कोअरमधला अडथळा साधारण आठपट. दमदार पंप हे पचवतो. मुळातला चिमुकला पंप मात्र मान टाकतो, आणि मग पाणी एक्स्चेंजरमध्ये छान गार होतं, फक्त ब्रिकपर्यंत पुरेसं पोचत नाही.

इथे बाबांना आणायला हवं. उन्हाळ्यात ते आणि आई आमच्याकडे असतात. बाबांची नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, सांगलीकडे. घाट चढून आलेल्या गाड्यांची बॉनेटं उघडणं हा त्यांचा रोजचा धंदा. ट्रॅकवरून आल्यावर मी गॅरेजमध्ये लॅपटॉप उघडून आलेख बघत होतो. बाबांनी बॉनेट उघडलं आणि विचारलं, "यातली जाणारी नळी कुठली, येणारी कुठली?" मी दाखवली. त्यांनी एक हात एका नळीवर ठेवला, दुसरा दुसरीवर, आणि तोंड वाकडं केलं.

"ही चटका देतेय, आणि ही कोमटसुद्धा नाही धड. पाणी फिरतंय का बघ की आधी."

माझ्या धंद्यातलं हे पहिलं गणित आहे. २२ किलोवॅट उष्णता मिनिटाला २० लिटर पाण्यात गेली तर जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात सुमारे १९ अंशांचा फरक दिसतो. ४० लिटर फिरलं तर निम्मा. दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच गरम असतील, तर पाणी चांगलं फिरतंय आणि एक्स्चेंजर कमी पडतोय. एक तापलेली आणि दुसरी गार असेल, तर एक्स्चेंजर आपलं काम चोख करतोय आणि पाणी रेंगाळतंय. दोन हात पुरतात. मी नंतर दोन्ही नळ्यांत सेन्सर बसवले, कारण माझा हातावर तेवढा भरवसा नाही. आकड्यांनी बाबांच्या बाजूने निकाल दिला. बाबांना आकडे दाखवले तर म्हणाले, "मग आता सेन्सरवाल्याला पैसे दिलेस, मला चहा तरी दे."

पाणी रेंगाळण्याचं एक कारण दमलेला पंप. दुसरं, जास्त छुपं, म्हणजे अडकलेली हवा. या सर्किटमधली सर्वांत उंच जागा म्हणजे ब्रिक, आणि बुडबुडा नेमका तिथेच जाऊन बसतो. नुसतं वरून कूलंट ओतून तो निघत नाही. आधी सर्किटमधली हवा शोषून घेऊन मग कूलंट आत ओढू द्यावं लागतं. माझा अंदाज आहे की नवा एक्स्चेंजर लावून 'जमीन-अस्मानाचा फरक पडला' म्हणणाऱ्यांपैकी काहींना फरक पडला तो बदलीच्या वेळी सर्किट नीट भरलं गेलं म्हणून. सिद्ध करता येणार नाही, पण मत आहे.

ग्लायकॉलचंही तसंच. शुद्ध पाण्याइतकी उष्णता कुठलंच कूलंट वाहून नेत नाही. निम्मं-निम्मं मिश्रण बरंच दाट असतं आणि पंपाला जड जातं. ॲरिझोनात राहणारा माणूस पाणी जास्त आणि गंजविरोधक औषध थोडं, असं चालवू शकतो. आमच्याकडे जानेवारीत ब्रिक फुटेल. विषय संपला.

पंप बदलायचं ठरल्यावर एक्स्चेंजरकडे जरा शांतपणे बघता आलं, आणि त्याच सुमारास मी स्पिटफायरच्या नादी लागलो. १९४२ मध्ये आलेल्या स्पिटफायर मार्क ९ मध्ये दोन टप्प्यांचा सुपरचार्जर असलेलं रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन होतं. दोनदा दाबलेली हवा इतकी तापे की तिच्यासाठी पाण्यावर चालणारा इंटरकूलर आणि त्याचा स्वतंत्र रेडिएटर लागे. एका पंखाखाली तो इंजिनाच्या रेडिएटरशेजारी बसवलेला असे. माझ्या वॅगनच्या बंपरमागे जे आहे त्याचा हा खापरपणजोबा. आणि हे मर्लिन इंजिन अमेरिकेत बनत होतं ते आमच्या डेट्रॉईटमध्ये, ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या पॅकार्डच्या कारखान्यात, १९४१ पासून.

त्याच काळातलं दुसरं नाव फ्रेडरिक मेरेडिथ, फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधला इंजिनिअर. त्याने १९३० च्या दशकात दाखवलं की रेडिएटर वाऱ्यात नुसता उघडा टांगण्यापेक्षा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत जाणाऱ्या बोगद्यात ठेवावा. हवा आत मंदावते, दाब वाढतो, कोअरमधून निगुतीने जाते, गरम होते आणि मागच्या अरुंद तोंडातून जोराने बाहेर पडते. मस्टँग विमानाच्या पोटाखालचा तो डौलदार बोगदा याच विचाराचा. त्याचा जोर माझ्या वॅगनला मिळायचा नाही. पण अर्धी गोष्ट गाडीला जशीच्या तशी लागू पडते: बोगद्यात शिरलेल्या हवेला कोअरशिवाय दुसरी वाट असता कामा नये. वारा आळशी असतो. कोअरच्या वर, खाली, बाजूला बोटभर फट दिसली की तो तिथून निघून जातो.

टॉर्च घेऊन बंपरखाली पडल्यावर अशा फटी दिसल्या. बंद पेशींचा फोम आणि पातळ प्लॅस्टिकचा पत्रा. एवढ्याच खर्चात त्या बुजल्या. तोच वारा, तोच एक्स्चेंजर, फक्त गळती बंद. कोणी याची जाहिरात करत नाही, कारण फोम विकून किती मिळणार?

मधल्या काळात मोहही झाले. डॉजने २०१८ च्या चॅलेंजर डीमनमध्ये एसीचं गार रेफ्रिजरंट वळवून सुपरचार्जरच्या पाण्यासाठी वापरलं. ड्रॅगसाठी ही चाल मला फार आवडते. वाऱ्यापेक्षा गार पाणी, आणि डिकीत बर्फाच्या पिशव्या नाहीत. असलं किट आपल्या गाडीत बसवता येईल का, यावर मी जेवताना जरा जास्तच बोललो. बायकोने शांतपणे विचारलं, "म्हणजे ऑगस्टमध्ये एसी इंजिनाला आणि आम्ही मागे खिडक्या उघड्या टाकून?" आईने वाटी सरकवली आणि आमटी वाढली. किटचा विषय तिथेच राहिला.

शेवटी घेतला तो ट्यूब-अँड-फिन, डबल-पास, मूळच्यापेक्षा उंच पण जाडीने थोडाच जास्त. कंडेन्सरचा वारा वाचावा म्हणून जाडीपेक्षा उंची निवडली, कारण कोअरच्या पहिल्या थरातच वारा सगळ्यात गार असतो. पुढच्या प्रत्येक थराला आधीच्याने तापवलेली हवा मिळते. पंखे घेतले नाहीत. वुडवर्डच्या एका शनिवारासाठी उरलेल्या वर्षाचा वारा अडवणं मला पटलं नाही. पंप मात्र आधी बदलला आणि त्यावर एकदा ट्रॅकवर जाऊन आलो, मगच एक्स्चेंजर लावला, नाहीतर कुणामुळे काय झालं हे कधीच कळलं नसतं. मोठा वाटा पंपाचा निघाला. एक्स्चेंजरने सत्राच्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये आपलं योगदान दिलं, आणि मुख्य म्हणजे फेऱ्या संपवून पिटमध्ये आल्यावर पाणी उतरायला लागणारा वेळ कमी झाला. इंजिनाचं कूलंट जागचं हललं नाही, याचाच मला जास्त आनंद.

आता मित्रमंडळी विचारतात, पुली कधी बदलतोस. सुपरचार्जरची पुली लहान केली की तो जास्त जोराने फिरतो. ९ चे १२ पीएसआय होतात. हिशेब करून पाहिला. सुपरचार्जरमधून निघणारी हवा १०० ऐवजी १२० अंशांच्या घरात, वर हवाही दहाएक टक्के जास्त. ती परत ४५ वर आणायची तर ३३-३४ किलोवॅट काढायला हवेत. म्हणजे ताकद दहा टक्क्यांनी वर, उष्णता दीडपट. एक्स्चेंजर, पंप आणि फोम मिळून जे कमावलं ते ती चिमूटभर लहान झालेली पुली एका दमात खाऊन टाकते, आणि मग ब्रिक लहान पडतो, झाकण बदलावं लागतं, टाकी मोठी करावी लागते. हे सगळं मला माहीत आहे. पुलीची किंमतही मला पाठ आहे. सध्या तरी मूळची पुली तशीच आहे. डिसेंबरमध्ये पहिला बर्फ पडला की काय होईल, ते आत्ता सांगत नाही.